साप्पोरोचे दप्तर आणि साप्पोरोची बखर

मार्च 1876 मध्ये अमेरिकेतला जपानचा राजनैतिक प्रतिनिधी योशिदा कियोनारी याने मॅसॅच्युसेट्स कृषी महाविद्यालयाच्या अध्यक्षाशी एक करार केला. मुदत एक वर्ष. वेतन सालिना 7200 येन, आणि येन व डॉलर तेव्हा जवळपास एका मोलाचे होते. काम असे की जपानच्या उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावर, साप्पोरो नावाच्या नव्यानेच आखलेल्या गावात, शेतीचे महाविद्यालय उभे करून द्यायचे. अध्यक्षाचे नाव विल्यम स्मिथ क्लार्क. त्यासाठी त्याने आपल्या महाविद्यालयातून वर्षभराची रजा काढली.

आजच्या होक्काइदो विद्यापीठाचा हा उगम. पण कुणा जपानी माणसाला क्लार्कविषयी विचारले तर तो करार सांगत नाही, निरोपाचा प्रसंग सांगतो. घोड्यावर बसलेला दाढीवाला अमेरिकन गुरुजी, भोवती गहिवरलेली पोरे, आणि टाच मारण्यापूर्वी त्याने वळून उच्चारलेले तीन शब्द: ‘बॉइज, बी अँबिशस’. मुलांनो, महत्त्वाकांक्षी व्हा. शाळकरी पोरापासून आजोबांपर्यंत सगळ्यांना हे ठाऊक असते. निरोपाची तारीख 16 एप्रिल 1877. या शब्दांचा सर्वांत जुना ज्ञात छापील उल्लेख मात्र 1894 चा.

मराठी वाचकाला असा पेच नवा नाही. अस्सल कागद आणि बखर यांचे वैर आपण राजवाड्यांपासून ऐकत आलो आहोत. साप्पोरोची गंमत अशी की तिथे दोन्ही भरपूर आहेत. काइताकुशी, म्हणजे होक्काइदोच्या वसाहतीसाठी नेमलेले सरकारी खाते, कागद करण्यात कुणाला हार जाणारे नव्हते. त्याचे दप्तर होक्काइदोच्या सरकारी अभिलेखागारात आहे. महाविद्यालयाचे स्वतःचे जुने दप्तर विद्यापीठात आहे. क्लार्क आणि त्याच्याबरोबर गेलेले शिक्षक यांची पत्रे अमेरिकेत अ‍ॅमहर्स्टला जपलेली आहेत. त्याशिवाय 1877 मध्ये खात्याने छापलेला महाविद्यालयाचा इंग्रजी वार्षिक अहवाल आहे. दुसऱ्या बाजूला विद्यार्थ्यांनी म्हातारपणी सांगितलेल्या आठवणी. कागद आधी वाचावेत आणि आठवणी मागून, या क्रमाने गेले की बरेच काही वेगळे दिसते.

काइताकुशी 1869 मध्ये स्थापन झाली. मेइजी सरकार नवे होते, उत्तरेला रशियाचे भय होते, आणि होक्काइदो जपान्यांच्या दृष्टीने ‘रिकामे’ होते. 1872 पासून दहा वर्षांत एक कोटी येन खर्चून ते बेट नांगराखाली आणायचे, असा बेत ठरला. त्याआधी वर्षभर खात्याने अमेरिकेचा कृषी आयुक्त होरेस केप्रन यालाच वर्षाला 10,000 डॉलर देऊन सल्लागार म्हणून आणले होते. शाळेचे पहिले रूप 1872 मध्ये तोक्योच्या झोजोजी मंदिराच्या आवारात सुरू झाले, आणि 1875 मध्ये ते साप्पोरोला हलवले गेले. म्हणजे क्लार्क पोचला तो मोकळ्या माळावर नव्हे. इमारती होत्या, विद्यार्थी होते, कारकून होते.

31 जुलै 1876 रोजी क्लार्क साप्पोरोत दाखल झाला. 14 ऑगस्टला उद्घाटन झाले. त्या दिवशी संस्थेचे नाव कृषी महाविद्यालय नव्हतेच. ती नुसती ‘साप्पोरो शाळा’ होती, आणि ‘कृषी’ हा शब्द 8 सप्टेंबरच्या हुकुमाने नावात आला. प्रमुख कोण, याचेही दोन कागद दोन उत्तरे देतात. जपानी कागदांत प्रमुखपदी झुशो हिरोताके हा अधिकारी आहे आणि क्लार्क मुख्य शिक्षक आहे. इंग्रजी कागदांत क्लार्क ‘प्रेसिडेंट’ आहे, आणि तसे लिहायला खात्याने रीतसर परवानगी दिली होती. एका म्यानात दोन तलवारी ठेवायची ही सरकारी युक्ती आपल्या कचेऱ्यांनाही चांगली अवगत आहे. रोजचा कारभार क्लार्कच पाहत होता, हे सगळ्याच कागदांतून दिसते. पण पैशाची चावी आणि अंतिम सही खात्याकडे होती, आणि खाते म्हणजे त्याचा प्रमुख, सात्सुमाचा कुरोदा कियोताका.

उद्घाटनाचे भाषण अहवालात छापलेले आहे, आणि ते सावकाश वाचण्यासारखे आहे. त्यात क्लार्क मुलांना सांगतो की जात आणि रूढी यांच्या जुलमातून तुमचा देश नुकता सुटला आहे, आणि या सुटकेने शिक्षण मिळणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या मनात उंच महत्त्वाकांक्षा जागी व्हायला हवी. संपत्ती, मान, जबाबदारीची पदे आता कुणालाही मोकळी आहेत, असा त्याचा सूर आहे. आपल्याकडे सत्यशोधक समाज निघून तेव्हा तीन वर्षे झाली होती, त्यामुळे ‘जात’ हा शब्द मराठी वाचकाला थांबवतोच.

क्लार्कच्या पुढे बसलेल्या मुलांनी हे कोणत्या कानांनी ऐकले असेल? पहिल्या वर्गात 24 जण दाखल झाले. काही साप्पोरोच्या जुन्या शाळेतले, काही तोक्योच्या इंग्रजी शाळांतून निवडून आणलेले. बहुतेक सामुराई घराण्यांतले. त्याच वर्षी मार्चमध्ये सामुराईंच्या कमरेची तलवार कायद्याने उतरली होती. आणि 5 ऑगस्टला, म्हणजे या भाषणाच्या नऊ दिवस आधी, त्यांच्या पिढीजात तनख्यांच्या जागी सरकारी रोखे देण्याचा हुकूम निघाला होता. क्लार्क ज्याला सुटका म्हणत होता ती या पोरांच्या घरी बुडालेल्या उत्पन्नाच्या रूपाने आली होती. विद्यालयात शिक्षण, राहणे, जेवण सरकारी खर्चाने होते, आणि पदवीनंतर पाच वर्षे काइताकुशीची नोकरी करण्याचे बंधन होते. तनखा गेलेल्या घरातल्या मुलाला हे बंधन कसले, हा आधार होता. शेतीची ओढ किती जणांना होती याचा हिशेब कुठल्याच कागदात नाही. पण शेतकऱ्यांची पोरे या यादीत शोधावी लागतात, एवढे यादी पाहून म्हणता येते.

एक गट मात्र शोधूनही सापडणार नाही. ज्या भूमीवर हे महाविद्यालय उभे होते तिचे मूळ रहिवासी आइनू. साप्पोरो हे नावही त्यांच्याच भाषेतून आलेले. 1872 मध्ये काइताकुशीने तीसहून अधिक आइनू स्त्री-पुरुषांना तोक्योला नेऊन त्याच झोजोजी मंदिराच्या आवारात ‘शिक्षण’ द्यायला सुरुवात केली होती. जपानी भाषा शिकवायची आणि जोडीला शेतीची कामे. प्रयोग काही वर्षांतच गुंडाळला गेला. काही जण तोक्योतच वारले, बाकीचे परतले. 1872 मध्येच जमिनीचे जे नियम झाले त्यांनी आइनूंची शिकारीची आणि मासेमारीची भूमी मालक नसलेली ठरवून मोकळी केली. 14 ऑगस्टच्या भाषणात ज्यांना सगळी दारे उघडी झाली असे म्हटले आहे, त्यांत हे लोक धरलेले नव्हते. क्लार्कला हे उमजले होते असे त्याच्या भाषणावरून तरी वाटत नाही.

क्लार्क माणूस कसा होता? 1826 चा जन्म, जर्मनीत ग्योटिंगेनला रसायनशास्त्राची डॉक्टरेट, अमेरिकन यादवी युद्धात कर्नल. वनस्पतींत रस वर कसा चढतो, हा त्याचा आवडीचा विषय. जपानला येण्याआधीच्या काळात त्याने अ‍ॅमहर्स्टमध्ये एका वाढत्या भोपळ्याला लोखंडी पिंजऱ्यात जखडले आणि त्यावर वजने चढवत नेली. भोपळा वाढत राहिला आणि त्याने शेवटी 5000 पौंडांच्या आसपास भार उचलला. बघायला माणसांची रीघ लागली होती. प्रयोगात विज्ञान किती आणि तमाशा किती, हे ठरवणे अवघड आहे. क्लार्कमध्येही या दोन गोष्टींचे मिश्रण तसेच होते, आणि साप्पोरोतल्या मुलांना ते भावले असणार. जानेवारी 1877 मध्ये तेइने डोंगरावर बर्फातून चढताना झाडावर उंच वाढलेले एक दगडफूल त्याला दिसले. पन्नाशीतला हा कर्नल ओणवा झाला आणि एका विद्यार्थ्याला आपल्या पाठीवर उभे राहून ते काढायला लावले. मुलगा बूट काढू लागला तर तेही काढू देईना, असे सांगतात. हा शेवटचा भाग आठवणींतला. दगडफूल मात्र अमेरिकेत तज्ज्ञाकडे पोचले आणि त्याला क्लार्कचेच नाव मिळाले.

वर्गातले काम कसे चाले, ते वह्यांवरून कळते. पाठ्यपुस्तके पुरेशी नव्हती. शिक्षक इंग्रजीत व्याख्यान देत, मुले भराभर टिपून घेत, आणि रात्री खोलीत बसून ती टिपणे स्वच्छ अक्षरात पक्क्या वहीत उतरवत. या वह्या शिक्षक तपासत. क्लार्क स्वतः भाषेच्या चुका दुरुस्त करी. त्या काळातल्या काही वह्या विद्यापीठाने जपल्या आहेत. मला विचाराल तर या संस्थेचे सगळ्यांत अस्सल दप्तर हेच. अहवाल वरिष्ठांना दाखवायला लिहिला जातो, आठवण सभेत सांगायला. वही मात्र परीक्षेपुरती लिहिली जाते, आणि म्हणून तिच्यात खोटे फारसे शिरत नाही. अभ्यासक्रम चार वर्षांचा होता आणि नुसता शेतीचा नव्हता. रसायन, वनस्पतिशास्त्र, गणित, भूमापन, इंग्रजी वक्तृत्व, कवायत, आणि शेतावर हातांनी करायचे काम. सगळा आराखडा मॅसॅच्युसेट्सच्या महाविद्यालयावर बेतलेला.

नियमांविषयी बखर काय सांगते? की जुन्या शाळेची लांबलचक नियमावली क्लार्कने बाजूला सारली आणि सांगितले, एकच नियम पुरे: सभ्य गृहस्थ व्हा. गोष्ट छान आहे. पण कागदही आहेत. पहिल्याच हिवाळ्यात क्लार्कने एक प्रतिज्ञापत्र तयार केले. औषध म्हणून घेतले तर गोष्ट वेगळी, एरवी अफू, तंबाखू आणि दारू वर्ज्य, जुगार आणि शिवीगाळ वर्ज्य, आणि हे संस्थेशी संबंध असेपर्यंत. त्याच्यावर विद्यार्थ्यांच्या सह्या आहेत, आणि क्लार्क, व्हीलर, पेनहॅलो या तिन्ही अमेरिकनांच्याही. क्लार्कने स्वतःसाठी आणलेल्या बाटल्या फोडल्या असे आठवणी सांगतात. एका नियमाने भागते म्हणणारा माणूस लेखी सह्या घेतो, हा विरोध खरा की भासमान, हे ज्याचे त्याने ठरवावे. शाळा चालवलेल्या कुणालाही त्यात नवल वाटणार नाही.

जेवणाच्या बाबतीतही तेच. भात खाऊ नका, पाव खा, फक्त करीबरोबर भात चालेल, असा फतवा क्लार्कने काढल्याचे साप्पोरोत अभिमानाने सांगतात, आणि ‘राईस करी’चे जनकत्वही त्याला देतात. वसतिगृहाच्या 1881 सालच्या भोजननोंदीत एक दिवसाआड राईस करी आहे खरी. पण तोवर क्लार्कला जाऊन चार वर्षे झाली होती. हिंदुस्थानातला मसाला इंग्रजांच्या डब्यांतून फिरत फिरत साप्पोरोच्या खानावळीत पोचला, एवढेच त्या नोंदीवरून म्हणता येते.

5 मार्च 1877 चा कागद मात्र सरकारी नव्हे आणि तरी सगळ्यांत वजनदार. ‘येशूवर विश्वास ठेवणाऱ्यांचा करार’ असे त्याचे शीर्षक. मसुदा क्लार्कचा, भाषा इंग्रजी, खाली सह्या. जपानमधले ख्रिस्ती धर्मबंदीचे जाहीर फलक उतरून तेव्हा चारच वर्षे झाली होती. सरकारी शाळेत बायबल शिकवण्याला कुरोदाचा विरोध होता, आणि साप्पोरोकडे येताना जहाजावरच दोघांची त्यावरून खडाजंगी झाल्याचे आठवणींत आहे. शेवटी कुरोदाने डोळेझाक केली. त्या कराराखाली पुढे एकूण 31 विद्यार्थ्यांच्या सह्या झाल्या.

या आकड्याचे दोन तुकडे पाडले की वेगळीच गोष्ट हाती लागते. 16 जण पहिल्या वर्गाचे, 15 जण दुसऱ्या वर्गाचे. दुसरा वर्ग सप्टेंबर 1877 मध्ये आला. क्लार्क एप्रिलमध्येच गेला होता. उचिमुरा कान्झो, पुढे राष्ट्रसंघात उपमहासचिव झालेला नितोबे इनाझो, वनस्पतिशास्त्रज्ञ मियाबे किंगो ही ‘क्लार्कचे शिष्य’ म्हणून जगभर सांगितली जाणारी नावे या दुसऱ्या वर्गातली. साप्पोरोत त्यांनी क्लार्कला कधी पाहिले नाही. त्यांच्याकडून सह्या घेतल्या त्या वरच्या वर्गातल्या मुलांनी, आणि उचिमुराने 1895 च्या आपल्या आत्मकथनात हे स्पष्ट लिहिले आहे की आपल्यावर बळजबरी झाली, सगळे सही करून बसल्यावर एकटे उरणे सोसवेना म्हणून आपण सही केली. वसतिगृहात राहिलेल्यांना या दडपणाची चांगली ओळख असते. क्लार्कच्या प्रभावाची कथा म्हणून जे सांगितले जाते त्यातला मोठा हिस्सा एक वर्ष पुढच्या पोरांच्या दादागिरीचा आहे. ती दादागिरी धर्माची होती, म्हणून तिला आदराने पाहिले गेले.

16 एप्रिलचा प्रसंग. शिक्षक आणि विद्यार्थी घोड्यांवरून क्लार्कला पोचवायला शिमामात्सुपर्यंत गेले. सुमारे 24 किलोमीटर. तिथे निरोप झाला. याबद्दल वाद नाही. तीन शब्द पहिल्यांदा छापलेले दिसतात ते ‘केइरिन’ या विद्यार्थ्यांच्या मासिकात, 1894 मध्ये, क्लार्कवरच्या एका लेखात. तिथे शब्द तीनच नाहीत. त्यांना शेपूट आहे: या म्हाताऱ्यासारखे महत्त्वाकांक्षी व्हा, असे. घोड्यावर असलेल्या माणसाने गमतीने म्हणावे तसे ते वाक्य आहे, स्वतःकडे बोट दाखवून. पुढे पहिल्या वर्गातला ओशिमा मासाताके याने 1937 च्या आपल्या पुस्तकात प्रसंग रंगवून सांगितला, आणि वाक्य राष्ट्राचे झाले. दरम्यान म्हातारा गळाला.

सतरा वर्षांनी लिहिलेली आठवण टाकून द्यावी का? तसे केले तर सभासदाची बखरही टाकावी लागेल. तीही शिवाजी महाराजांच्या निधनानंतर दीड-दोन दशकांनीच लिहिली गेली. लिहिणारे त्या काळाजवळचे होते, ऐकणारे जिवंत होते, आणि 1894 मध्ये त्या दिवशी शिमामात्सुला गेलेले बरेच जण खोटे पडले असते तर बोलू शकले असते. माझा कल वाक्य खरे मानण्याकडे आहे, पण शेपटीसकट. आणि त्याला एक अस्सल आधार आहे, तो निरोपाच्या दिवसाचा नव्हे. उद्घाटनाच्या भाषणातली ती उंच महत्त्वाकांक्षा. शब्द तोच, माणूस तोच, ऐकणारी मुले बहुतांशी तीच. आठ महिन्यांपूर्वी सभागृहात गंभीरपणे सांगितलेली गोष्ट त्याने घोड्यावरून हसत पुन्हा म्हटली असेल, तर त्यात अशक्य काही नाही. बखरीने फार तर प्रसंग हलवला, मजकूर निर्माण केला नाही.

क्लार्क साप्पोरोत होता साडेआठ महिने. महाविद्यालय बांधले ते मागे राहिलेल्यांनी, आणि बखरीत त्यांना जागा नाही. विल्यम व्हीलर, पंचविशीतला अभियंता, मॅसॅच्युसेट्स महाविद्यालयाच्या पहिल्याच तुकडीचा पदवीधर. त्याने हवामानाच्या नोंदी घेतल्या, रस्त्यांची पाहणी केली, तोयोहिरा नदीवर पूल बांधला, आणि क्लार्कच्या कल्पनेतला आदर्श गोठा कागदावर उतरवला. तो गोठा आजही विद्यापीठाच्या आवारात उभा आहे. 1878 मध्ये झालेली कवायतीची इमारतही त्याच्याच आराखड्याची. तिच्यासाठी बॉस्टनच्या हॉवर्ड कंपनीचे घड्याळ मागवले. ते आले तेव्हा मनोऱ्यात मावेना, म्हणून मनोरा पाडून नवा बांधावा लागला, आणि ते 1881 मध्ये चालू झाले. साप्पोरोचा आजचा प्रसिद्ध घड्याळ मनोरा तो हाच. मागणी आणि मोजमाप यांचा मेळ न बसल्याची ही हकिकत मला तरी संस्थेच्या कुठल्याही स्मारकलेखापेक्षा प्रामाणिक वाटते.

विल्यम पेन ब्रुक्स 1877 च्या सुरुवातीला आला आणि 1888 पर्यंत राहिला. जवळपास बारा वर्षे. शेतीचा खरा शिक्षक तोच. त्याने आणलेल्या कांद्याच्या जातींत डॅनव्हर्सचा पिवळा गोल कांदा होता. 1880 मध्ये जवळच्या, साप्पोरो याच नावाच्या वेगळ्या खेड्यात त्याची लागवड बाजारासाठी सुरू झाली, आणि तिच्यातून निवडत निवडत ‘साप्पोरो पिवळा’ ही जात तयार झाली. होक्काइदो आजही जपानचा कांदा पिकवणारा मोठा भाग आहे. देवघेव उलटीही चालली होती. क्लार्कने होक्काइदोच्या रानातून कात्सुरा वृक्षाचे आणि जपानी लायलॅकचे बी बॉस्टनच्या अर्नॉल्ड उद्यानाला धाडले होते, आणि त्या उद्यानाच्या नोंदवहीत ते त्याच्याच नावावर जमा आहे.

याच काळात खात्याचे आणि संस्थेचे दिवस मात्र फिरत होते. जानेवारी 1879 मध्ये काइताकुशीची साप्पोरोतली मुख्य कचेरी जळाली. 1880 मध्ये पहिल्या वर्गाने पदवी घेतली तेव्हा 24 पैकी 13 उरले होते. 1881 मध्ये कुरोदाने काइताकुशीची सुमारे 1 कोटी 40 लाख येन खर्चून उभी केलेली मालमत्ता 3 लाख 90 हजारांच्या आसपास, तीही तीस वर्षांच्या बिनव्याजी हप्त्यांत, ओळखीच्या व्यापाऱ्यांना द्यायचा घाट घातला. देशभर गदारोळ झाला, सौदा रद्द झाला, आणि 1882 मध्ये खातेच बरखास्त झाले. पाच वर्षांच्या नोकरीचे बंधन लिहून दिलेल्या पदवीधरांचा मालकच नाहीसा झाला. 1885 मध्ये कानेको केन्तारो या अधिकाऱ्याने पाहणी करून लिहिले की इथले शिक्षण फार उच्च आहे आणि शेताच्या कामाचे नाही, संस्था बंद करावी. पुढे अमेरिकेत शिकून आलेला पहिल्या वर्गाचा सातो शोसुके खंबीरपणे उभा राहिला आणि संस्था वाचली. तोच नंतर तिथल्या शाही विद्यापीठाचा पहिला अध्यक्ष झाला.

कानेकोचा आक्षेप अगदीच पोकळ नव्हता. केप्रन आणि त्याच्यामागून आलेले अमेरिकन यांचे मत पक्के होते की होक्काइदो थंड आहे, इथे भात होणार नाही. गहू, मका, गवत, गाई यांवरच भर द्या. महाविद्यालयाचा सारा आराखडा या मतावर उभा होता. आणि ज्या शिमामात्सुला क्लार्कने निरोप घेतला, तिथेच नाकायामा क्युझो नावाचा शेतकरी 1873 मध्ये भात पिकवून बसला होता. ‘आकागे’ म्हणजे लाल केसांची नावाची गावठी जात त्याने दक्षिण होक्काइदोतून मिळवली. नदीचे थंड पाणी सरळ वाफ्यात न सोडता ते लांबच्या पाटांतून फिरवून उन्हात कोमट होऊ दिले, आणि रोपे लहान असताना रात्री न्हाणीचे ऊन पाणीही ओतले, असे सांगतात. त्याच्या बियाण्यावर पुढे होक्काइदोची भातशेती उभी राहिली. 1881 मध्ये सम्राट मेइजी स्वतः त्याच्या घरी थांबला. गुरुजींना पोचवायला आलेल्या विद्यार्थ्यांच्या घोड्यांनी त्या दिवशी हे शेत ओलांडले असेल किंवा नसेल. शेतीच्या महाविद्यालयाला शेजारच्या शेतकऱ्याकडून शिकायला वेळ लागतो, हे फक्त साप्पोरोपुरते खरे नाही.

क्लार्क घरी परतला तो मोठ्या उमेदीने. 1879 मध्ये त्याने मॅसॅच्युसेट्स महाविद्यालयाचे अध्यक्षपद सोडले आणि जहाजावरून जगभर फिरणाऱ्या तरंगत्या महाविद्यालयाच्या योजनेत उतरला. योजनेचा प्रवर्तक वुडरफ अचानक वारला आणि सगळे बारगळले. मग बॉथवेल नावाच्या भागीदाराबरोबर त्याने न्यूयॉर्कमध्ये ‘क्लार्क अँड बॉथवेल’ ही पेढी काढली आणि पश्चिमेकडच्या व मेक्सिकोतल्या चांदीच्या खाणींचे भाग विकू लागला. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी, मित्रांनी, नातेवाइकांनी पैसे गुंतवले. मे 1882 मध्ये पेढी बुडाली. अ‍ॅमहर्स्टमधल्या अनेक घरांची पुंजी तिच्याबरोबर गेली, आणि क्लार्क 9 मार्च 1886 रोजी खटल्यांच्या आणि आजारपणाच्या ओझ्याखाली गेला.

मार्च 1964 मध्ये आसाही शिंबुन या दैनिकाच्या रोजच्या स्तंभात निरोपाच्या वाक्याचे एक लांबलचक रूप आले आणि ते फार लोकप्रिय झाले. त्यात क्लार्क मुलांना सांगतो की महत्त्वाकांक्षी व्हा, पण पैशासाठी नव्हे, स्वार्थी मोठेपणासाठी नव्हे, आणि ज्याला लोक कीर्ती म्हणतात त्या क्षणभंगुर गोष्टीसाठीही नव्हे. 1894 च्या मासिकात यातले काही नाही. 1876 च्या भाषणात तर संपत्ती आणि मान यांचेच दार उघडे झाल्याचे त्याने मुलांना सांगितले होते. हे वाढीव शब्द क्लार्कच्या तोंडी घालणाऱ्याने ते भाषणही वाचले नव्हते आणि 1882 ची न्यूयॉर्कची वर्तमानपत्रेही.